कशाचा मोल?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल असायची. गणिताच्या वहीत आम्ही ‘उत्तर : ४८’ असं लिहून मोकळे झालो की गुरुजी त्यावर बरोबरची खूण करत नसत आणि फुलीही मारत नसत. शेजारी एकच शब्द लिहीत, ‘कशाचे?’ ४८ रुपये? ४८ किलो? की ४८ बैल? आम्ही चिडायचो. उत्तर तर बरोबर आलंय, मग हा छळ कशाला? पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, त्यात आयुष्य गेलं, आणि आता या वयात कबूल करतो की त्या एका शब्दाच्या पलीकडे मला फारसं काही शिकवता आलं नाही.

आजचा विषय आहे अणूच्या पोटातले कण आणि मोल. शाळेच्या पुस्तकातला विषय. मोल हा शब्द आला की मुलांच्या चेहऱ्यावर ढग येतात, हे मी पस्तीस वर्षं पाहिलंय. आज मी तीनच गोष्टी सांगणार आहे. पहिली, जे दिसत नाही ते मोजायचं कसं? दुसरी, जे मोजलं त्याच्या पोटात काय आहे? आणि तिसरी, मोजण्याआधी काय विचारायचं?

पहिल्या गोष्टीसाठी आपल्याला लांब जायला नको. सुरतेच्या हिरेबाजारात जाऊ. तुमच्यापैकी कितीतरी घरांतली मुलं हिऱ्यांना पैलू पाडायला घंटीवर बसतात. इथे त्यांना रत्नकलाकार म्हणतात, फार छान शब्द आहे. मोठा हिरा असेल तर तो एकेक पाहिला जातो. पण अगदी बारीक माल आला तर? मोहरीएवढे हिरे कुणी एकेक करून मोजत बसतं का? नाही. एका कॅरेटला किती नग बसतात हे ठरलेलं असतं. शंभर नगांना एक कॅरेट असा माल असेल आणि पुडी पाच कॅरेट भरली, तर हिरे पाचशे. मोजले कुणी? कुणीच नाही. तोलले, आणि तोलण्यातूनच मोजले गेले. लोखंडाच्या दुकानातला माणूस खिळे असेच देतो.

मित्रांनो, मोल म्हणजे एवढंच. तोलून मोजणं. अणू डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत येत नाही, पण त्याचा ढीग तराजूवर येतो. एका नगाचं वजन माहीत असलं की ढिगाच्या वजनावरून नग कळतात.

आता हाच हिरा घ्या. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. मग ६० कॅरेट म्हणजे किती? १२ ग्रॅम. हे बारा लक्षात ठेवा. १९७१ साली मोल हे सातवं मूलभूत एकक म्हणून आंतरराष्ट्रीय एककांच्या पंगतीत बसलं, तेव्हा त्याची व्याख्याच अशी होती: कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू, तितक्या नगांचा एक मोल. म्हणजे साठ कॅरेट हिरा तळहातावर ठेवलात, तर तुमच्या हातावर जवळजवळ एक मोल अणू आहेत. साठ कॅरेट तुमच्या-माझ्या हातावर कुणी ठेवणार नाही, ते सोडा. अंगठीतला एक कॅरेट घ्या. त्यात १ वर २२ शून्यं इतके अणू.

आणि पूर्ण मोलमध्ये? ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पुस्तकात असं लिहिलं की मुलं पाठ करतात आणि विसरतात. आपल्या भाषेत सांगतो: सहाशे दोन कोटी कोटी कोटी. कोटी तीनदा म्हणायचं. भारतातल्या १४० कोटी माणसांनी जेवण-झोप सोडून सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसायचं ठरवलं, तर एक मोल मोजून व्हायला सव्वा कोटीहून जास्त वर्षं लागतील. आणि किराणावाला? तो ३४२ ग्रॅम साखर तोलून अर्ध्या मिनिटात हातात देतो. एक मोल साखर! तराजूची ताकद ही.

या आकड्याला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. गंमत अशी की ॲव्होगॅड्रोला हा आकडा कधी कळलाच नाही. १८११ साली इटलीतल्या या गृहस्थाने एक विचार मांडला: तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच. किती, ते त्याला सांगता येत नव्हतं. १८५६ साली तो गेला. त्यानंतर ९ वर्षांनी लोश्मिट या शास्त्रज्ञाने रेणूच्या आकाराचा पहिला अंदाज बांधला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याँ पेरँ या शास्त्रज्ञाने पाण्यात थरथरणाऱ्या बारीक कणांवरून आकडा काढला आणि त्याला ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं. दुसरी गंमत त्याहून मोठी. ‘मोल’ हा शब्द रूढ करणारा जर्मन शास्त्रज्ञ ऑस्टवाल्ड स्वतः कित्येक वर्षं अणू मानतच नव्हता! सोयीचं माप म्हणून त्याने शब्द वापरला. पुढे पेरँच्या प्रयोगांपुढे त्याने हात टेकले. म्हणजे आधी वरात निघाली आणि मागून नवरदेव सापडला.

आणि २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी झाली. आधी माप ठरलं होतं, त्यात दाणे किती ते शोधायचे होते. आता दाण्यांचा आकडाच कायमचा ठरवून टाकलाय: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, कमी नाही, जास्त नाही. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे इतके. पण डझन म्हटलं की आपण काय विचारतो? कशाचा? केळ्यांचा की अंड्यांचा? हा प्रश्न धरून ठेवा, मी परत येणार आहे.

दुसरी गोष्ट. पोटात काय आहे?

चलथाणला बसून साखरेबद्दल बोलायचं नाही तर कशाबद्दल बोलायचं? इथल्या सहकारी साखर कारखान्याने या गावाला ओळख दिली. तेव्हा साखरेच्या एका रेणूचा जमाखर्च मांडू. त्यात कार्बनचे १२ अणू, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे ११. कार्बनच्या अणूत प्रोटॉन ६, ऑक्सिजनच्या ८, हायड्रोजनच्या १. बेरीज करा: ७२ अधिक ८८ अधिक २२. झाले १८२ प्रोटॉन. न्यूट्रॉन? कार्बनचे ७२, ऑक्सिजनचे ८८, नेहमीच्या हायड्रोजनकडे एकही नाही. झाले १६०. आता १८२ आणि १६० मिळवा. ३४२! किराणावाल्याने तोललेले ३४२ ग्रॅम ते हेच. पुस्तकातलं रेणुवस्तुमान आकाशातून पडत नाही, ती पोटातल्या कणांची हजेरी आहे.

मागून एका मुलीने बोट वर केलंय, कळलं मला. इलेक्ट्रॉन कुठे गेले? तेही १८२ च आहेत, प्रोटॉनांइतकेच, म्हणून तर साखरेला हात लावल्यावर झटका बसत नाही. पण त्यांचं वजन? एक प्रोटॉन म्हणजे सुमारे १८३६ इलेक्ट्रॉन. ३४२ ग्रॅम साखरेतले सगळे, म्हणजे १८२ मोल इलेक्ट्रॉन एकत्र केले, तर भरतील जेमतेम ०.१ ग्रॅम. सोनाराच्या एका गुंजेपेक्षाही कमी. वजनाच्या खात्यात शून्य. पण कामाच्या खात्यात?

तिघांचीही कामं वाटून दिलेली आहेत.

प्रोटॉन ओळख ठरवतो. सहा असतील तर कार्बन, सात असतील तर नायट्रोजन, तिथे वशिला चालत नाही. ७९ असतील तर सोनं आणि ८० असतील तर पारा. एका प्रोटॉनचा फरक! किमयागारांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाऱ्याचं सोनं करायला भट्टीपुढे बसल्या. त्यांची चूक हिशेबाची नव्हती, ठिकाणाची होती. भट्टीची धग इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचते, केंद्रकापर्यंत पोहोचत नाही. केंद्रक आहे हेच मुळी १९११ साली रदरफोर्डमुळे कळलं.

न्यूट्रॉन वजन वाढवतो आणि ओळख बदलत नाही. तो सापडला सगळ्यांत शेवटी, १९३२ साली, चॅडविकला. विद्युतभार नाही, म्हणून कुणाच्या नजरेत येत नव्हता. चाळीतला न बोलणारा भाडेकरू असतो ना, तसा. पण त्याचं महत्त्व पाहायचं असेल तर चलथाणहून दोन दिशांना जा. पश्चिमेला हजिरा. तिथे जड पाण्याचा कारखाना आहे. साधं पाणी एक मोल म्हणजे १८ ग्रॅम, जड पाणी एक मोल म्हणजे २० ग्रॅम. प्रोटॉन दोन्हींत दहाच, इलेक्ट्रॉन दहाच. जास्तीचे ते फक्त दोन न्यूट्रॉन. निसर्गात असा जड हायड्रोजन सुमारे साडेसहा हजारांत एक, तो वेचून काढायचा. आणि पूर्वेला, आपल्या ताप्ती लाइनीवर व्याऱ्याच्या बाजूला, काकरापार. ज्या लाइनीने तुमचे-आमचे आजोबा-वडील नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून बोचकी घेऊन इकडे आले, तीच लाइन. काकरापारच्या अणुवीज केंद्रात हे जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला वापरतात, म्हणून साध्या, समृद्ध न केलेल्या युरेनियमवर भट्टी चालते. देशी बनावटीची ७०० मेगावॉटची पहिली अणुभट्टी जुलै २०२० मध्ये पेटली ती इथेच.

आणि इलेक्ट्रॉन? इलेक्ट्रॉन व्यवहार बघतो. जळणं, गंजणं, रंग चढणं, साखर विरघळणं, सगळा बाजार त्याचा. येवल्याच्या पैठणीत जी जर असते, ती बरीचशी आपल्या सुरतेची. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा चढतो, तो विजेने. तिथे एक मोल चांदी, म्हणजे १०८ ग्रॅम, बसवायला एक मोल इलेक्ट्रॉन लागतात. एक अँपिअर प्रवाह सुमारे २७ तास. एक मोल तांबं बसवायचं तर दुप्पट, कारण तांब्याच्या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. पैठणीच्या पदरावर मोर नाचतो तेव्हा त्याच्या मागे असा चोख हिशेब असतो.

या दोन जगांमधला फरक एका तुलनेत सांगतो. साठ कॅरेट कार्बन, एक मोल, जाळला तर फक्त इलेक्ट्रॉनांची जागा बदलते. उष्णता मिळते विजेच्या साधारण ०.१ युनिटाएवढी. युरेनियम-२३५ चा एक मोल, पाव किलोहून थोडा कमी, त्याची केंद्रकं फुटली तर उष्णता मिळते पन्नास लाखांहून जास्त युनिटांएवढी. नग तेवढेच, सहाशे दोन कोटी कोटी कोटी. फरक जवळजवळ पाच कोटी पटींचा. का? एकीकडे अंगणात भांडी हलली, दुसरीकडे घराचा पाया उकलला.

आता तिसरी गोष्ट. ज्यासाठी मी आज उभा आहे.

दिवाळी झाली की या भागात ऊसतोड सुरू होते. नंदुरबार, धुळे, डांग इकडून टोळ्या येतात. मुकादमाच्या डायरीत काय लिहिलेलं असतं? ‘पंधरा कोयते.’ आता सांगा, पंधरा कोयते म्हणजे माणसं किती? शहरातला माणूस म्हणेल पंधरा. इथे बसलेला प्रत्येक जण म्हणेल तीस. कारण एक कोयता म्हणजे जोडपं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघं मिळून एक. एकटा आला तर? अर्धा कोयता!

शास्त्राच्या पुस्तकात मुलं जिथे हमखास अडखळतात, ती जागा हीच आहे. ‘एक मोल ऑक्सिजनचं वस्तुमान किती?’ कुणी म्हणतं १६, कुणी म्हणतं ३२. दोघंही बरोबर आणि दोघंही अर्धवट. हवेतला ऑक्सिजन जोडीने राहतो, तो कोयता आहे. कोयते मोजलेत तर ३२ ग्रॅम, माणसं मोजलीत तर १६. प्रश्नच अपुरा होता. म्हणून मोलच्या व्याख्येत एक अट घालून ठेवलीय: कण कोणता ते सांगितल्याशिवाय मोल म्हणायचं नाही. अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन, काय ते नाव घ्या. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जे लिहिलं, ते गुरुजींनी लाल पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं. कशाचा?

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीनंतर मी घरी मराठी मुलांना शिकवत असे. नववीतली एक मुलगी यायची, शाळा गुजराती माध्यमाची. मी मराठीत प्रश्न घातला, ‘ऑक्सिजनच्या अणूचं वस्तुमान किती?’ तिने लिहिलं ३२. मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती तिचं पुस्तक घेऊन आली आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं. बोलली काहीच नाही. मराठीत आपण ज्याला अणू म्हणतो, त्याला गुजरातीत परमाणु म्हणतात. आणि आपल्या रेणूला गुजरातीत अणु! हिंदीतही तसंच. म्हणजे तिच्या पुस्तकातल्या अणूचं वस्तुमान ३२ च होतं. एक शब्द, दोन भाषा, दोन वेगळे नग. नवापूरच्या स्टेशनावर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, तशी ती पोरगी अर्धी-अर्धी दोन्हीकडे उभी होती, आणि मी तिला विचारलं नाही, बाळ, कोणत्या भाषेतला अणू? मी फुली खोडली. पण खोडलेली फुली वहीत दिसते.

अशी मुलं आपल्या घराघरांत आहेत. त्यांचं चुकतं तेव्हा पुष्कळदा शास्त्र चुकलेलं नसतं, शब्द सरकलेला असतो. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, फुली मारण्याआधी एकदा विचारा.

सुरतेचाच एक माणूस ‘कशाचा?’ या प्रश्नाचा उस्ताद होता. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर. जन्म सुरतेचा, १८६३ चा. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. पुढे अलेम्बिक या औषधांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांच्याबरोबर कोटिभास्कर हा आपला मराठी माणूस होता. १८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. ते चाफेकर बंधूंनी फासलं होतं, हे नंतर उघड झालं. डाग निघेना. तो काढला गज्जरांनी. राणीचा पुतळा साफ केला म्हणून त्यांना नावं ठेवायची की शाबासकी द्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी दोन्ही बाजूंना मान देऊन गप्प बसतो. मला दिसतं ते एवढंच: संगमरवर न खाता डाग काढायचा, तर रसायनशास्त्रज्ञाला हाताला काही घेण्याआधी एक प्रश्न सोडवावाच लागतो. डाग कशाचा?

आणि शेवटी आपल्या मराठीची एक करामत. जर्मन भाषेतून आलेला ‘मोल’ आपल्याकडे उतरला तो अशा घरात, जिथे त्याच नावाचा शब्द आधीपासून राहत होता. मोल म्हणजे किंमत. अनमोल, कवडीमोल, मोलमजुरी. रसायनातला मोल सांगतो नग किती. आपल्या घरातलं मोल सांगतं किंमत किती. पहिला तराजूवर कळतो. दुसऱ्याला तराजू पुरत नाही. टनावर पैसे मिळतात तेव्हा काट्यावर ऊस चढतो. मोळी बांधणारी बाई काट्यावर चढत नाही, आणि डायरीतही ती स्वतंत्र लिहिलेली नसते. ‘एक कोयता’ हा आकडा चूक नाही. पण तो कशाचा, हे विचारलं नाही, तर त्यातलं एक माणूस दिसतच नाही. इलेक्ट्रॉनासारखं. वजनाच्या खात्यात शून्य, आणि सगळा व्यवहार त्याच्यावर.

तेव्हा थोडक्यात सांगतो. जे दिसत नाही ते तोलून मोजता येतं, त्या मापाचं नाव मोल. जे तोललं त्याच्या पोटात तिघं आहेत: ओळख देणारा, वजन देणारा आणि व्यवहार करणारा. आणि कोणताही आकडा, साखरेचा असो, विजेचा असो, माणसांचा असो, तो कशाचा हे कळल्याशिवाय उत्तर होत नाही.

अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण मघाशी अध्यक्षांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवलीय. तिच्यावर फक्त ‘५’ लिहिलंय. पाच मिनिटं उरली, की पाच मिनिटं जास्त झाली, की आभारप्रदर्शनाला पाच वक्ते आहेत, काही कळायला मार्ग नाही. गुरुजी असते तर चिठ्ठी लाल पेन्सिलीने परत आली असती. माझ्याकडे ती पेन्सिल नाही, म्हणून मी आपला थांबतो.